थोरलीला आलेला गुण

"सगळंच काढून टाका, डॉक्टर," धाकटी म्हणाली. "आमच्या ताईंचं काढलं तसं. त्यानंतर त्यांचं डोकं एकदासुद्धा दुखलं नाही. विचारा ना त्यांनाच!"

शेजारच्या खुर्चीतली थोरली जाऊ नुसती हसली. तिच्या ऑपरेशनचं घरात भारी कौतुक होतं. दर पाळीला अर्धशिशीने आडवी होणाऱ्या धाकटीला जो तो थोरलीचाच दाखला देई.

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला सरकवला. "गर्भाशयात गाठी आहेत, ते काढावं लागेल. पण तुमची अंडाशयं धडधाकट आहेत. तीही काढली तर हार्मोन्स एकदम खाली येतात. अर्धशिशी थांबेलच असं नाही. कित्येकींची उलट वाढते."

"ताईंची थांबली ना! मग माझी का नाही थांबणार? मला नाही आता सोसवत. काढा सगळं."

थोरलीला स्वतःचं ऑपरेशन आठवलं. तेव्हा नवऱ्याने रजा काढली होती, सासूबाईंनी तिला झाडूला हात लावू दिला नव्हता, आणि या धाकटीने एकटीने सगळं घर रेटलं होतं. एवढं झाल्यावर डोकं पुन्हा फुटायला लागलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? 'गेलं बाई एकदाचं' म्हणून ती मोकळी झाली, आणि मग तेच निभावत राहिली. आता त्या खोट्यावर विसंबून ही बाई धडधाकट अंडाशयंही काढायला निघाली होती.

"नको काढूस," थोरली म्हणाली.

"काय?"

"माझी थांबली नाही गं. वाढली. आधी महिन्यातून एकदा यायची, आता मनाला येईल तेव्हा येते."

धाकटीचा चेहरा लाल झाला. "आणि एवढी वर्षं बोलला नाहीत? एका घरात राहून?"

खिडकीतलं ऊन थेट थोरलीच्या तोंडावर येत होतं आणि तिचा डावा डोळा बारीक झाला होता. धाकटी काहीतरी टाकून बोलणार होती, पण त्या डोळ्याकडे पाहून थांबली. असा डोळा तिने आरशात कितीदा पाहिला होता.

ती उठली. डॉक्टरांना न विचारताच तिने पडदा ओढला, दिवा घालवला आणि खुर्ची जावेजवळ सरकवून बसली.

"आता सांगा डॉक्टर," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "आमचं दोघींचं काय करायचं ते."