शेवटची मोजणी

“बाय, तेल नाय निघालं, तर आमची गावदेवी परत जागेवर आणून बसव. तुझ्याच हातानं.” तेलासाठी बंदर रिकामं करताना म्हाताऱ्या हिराबाय कोळिणीने बजावलं होतं, आणि भूगर्भशास्त्रज्ञ सुनंदिनीने तिला शब्द दिला होता.

आज सकाळी बंदरातल्या तेलविहिरीत सोडलेले मोजणीचे जीवाणू पडद्यावर चमकलेच नाहीत. तेल लागलं की ते उजळत, पण उजळायला त्यांना थोडं तेल प्यावं लागे. एका मोजणीत जाई ते नगण्यच. मात्र सरकारला नक्की आकडा हवा असे, बाजाराला त्याहूनही नक्की. दर वेळी आकडा वेगळा येई, म्हणून पुन्हा मोजायचं.

“मॅडम, मांजराला दूध मोजायला बसवलं आपण,” सहकारी पेडणेकर कसनुसं हसला.

“मुळात किती होतं रे?”

“आता ते मांजरालाच विचारा. पण इतक्यात वर कळवू नका. जुना अंदाज उभा आहे तोवर साठ्याला किंमत आहे.”

“आणि हिराबायचं बंदर?”

“ते राहील कुंपणात.”

सुनंदिनीने ‘शून्य’ लिहून अहवाल पाठवून दिला. मग ती कोळ्यांच्या नव्या वसाहतीत गेली. हिराबाय आता नव्हती. तिच्या सुनेला विचारून सुनंदिनीने पाण्याच्या टाकीखाली मांडलेली नारळाएवढी शेंदरी देवी पदरात घेतली, चपला तिथेच काढल्या आणि बंदराची वाट धरली.