आतबट्ट्याचा व्यवहार

शिवणाचं दुकान विकून आलेले सगळे पैसे मी पेन्शन योजनेत टाकले. मरेपर्यंत दरमहा ठरलेली रक्कम मिळणार, आणि मेल्यावर मागच्यांना छदामही नाही.

बँकेत नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याने कपाळाला हात लावला. "आत्या, हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. तुझेच पैसे तुला थोडे थोडे परत मिळणार, आणि तेवढे वसूल व्हायलाच तुला ऐंशी गाठावी लागेल. लवकर जाणाऱ्यांच्या जिवावर या कंपन्या चालतात."

"मग मी लवकर जात नाही," मी म्हटलं.

तो हसला. मी दुसऱ्या दिवसापासून चहातली साखर सोडली आणि कुरकुरणारे गुडघे रोज नदीवरच्या पुलापर्यंत फरफटत न्यायला लागले.

गेल्या हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला. डॉक्टर भाच्याला म्हणाले, जवळच्यांना बोलावून घ्या. तो माझ्या उशाशी बसून डोळे पुसत होता. मी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारला.

"वसुलीला अजून किती महिने राहिलेत रे?"

"अकरा," तो म्हणाला.

"मग त्या डॉक्टरला सांग, उगाच घाई करू नकोस."

आज सकाळी मिठाईचा डबा घेऊन मी त्याच्या दारात उभी राहिले.

"हे कशाबद्दल, आत्या? वाढदिवस तर कधीच झाला तुझा."




"तोंड गोड कर. माझे पैसे काल संपले. आजपासून मी कंपनीच्या पैशांवर जगतेय."