वखारीचा काठ

"काठ द्या आणि तुमचा मुलगा घेऊन जा," चष्मेवाला म्हणाला.

वखारवाल्या बाईंनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला आदळला. "आधी पाणी प्या. घसा कोरडा पडला की माणूस काहीही बरळतो."

लढाई थांबली होती, पण नदीचा हा काठ कुणाचा ते ठरायचं होतं. काठावर घर एकच, बाईंचं. त्याला लागून त्यांची लाकडाची वखार. नदीच्या या अंगाला आपल्या देशाचं एवढंच काय ते उरलं होतं. बाकी सगळा मुलूख समोरच्यांचा, म्हणजे शत्रूचा. त्यांच्या बोटींना धक्का हवा होता आणि धक्का बाईंच्या अंगणापुढे होता. एकमेकांच्या गावात पाय ठेवायला दोन्हीकडचे साहेब तयार नव्हते. म्हणून तहाची बोलणी वखारीतच चालली होती, ओंडक्यांच्या मधे टेबल टाकून.

चष्मेवाला समोरच्यांचा वकील. आपल्या बाजूने बोलायला बाईंचा थोरला. आणि धाकटा समोरच्यांच्या तुरुंगात, गावातल्या बाकीच्या पोरांबरोबर.

तोफा चालू असताना बाई घरातून हलल्या नव्हत्या. पेपरात फोटो आला होता. त्यानंतर आपल्या सरकारने जाहीरच करून टाकलं होतं, की बाई हो म्हणाल्या तरच काठ सुटेल. बाईंना उठवायची कुठल्या मंत्र्याची छाती होती?

"आई, धाकटा सुटतोय," थोरला म्हणाला.

"ऐकलं. कान शाबूत आहेत माझे."

"मग?"

"मग काय? सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेलं घर आहे. एक वीट मिळायची नाही."

चष्मेवाल्याने कागद गोळा केले. बैठक मोडली.

पुढच्या बैठकीला तो आला तेव्हा घराला रंग चालला होता. बाई शिडीखाली उभ्या राहून रंगाऱ्याचा जीव खात होत्या. "दोन हात दे, दोन. माझ्या नातवंडांना पुन्हा रंगवायला लागता कामा नये."

"एवढा जीव आहे घरावर?" चष्मेवाल्याने विचारलं.

"तुमचा नाही तुमच्या आईच्या घरावर? का तेही कुणाला देऊन टाकलंत?"

चष्मेवाला लाल झाला. त्या दिवशी त्याने धाकट्याबरोबर आणखी वीस जणांना सोडायची तयारी दाखवली. थोरल्याने आईकडे पाहिलं. आई सुताराला सांगत होती, पुढच्या दाराला सागवानाची नवी चौकट बसव म्हणून.

ही बातमी नदीपलीकडे आपल्या गावात पोचली. तिथली शिंपीण भाड्याने नाव करून आली आणि भर बैठकीत टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिचा एकुलता एक त्याच तुरुंगात होता, आणि त्या विसांत त्याचं नाव होतं.

"मावशी, तुम्ही आई आहात का कोण? तुमचंही पोर आहे ना तिथे? पोरं आत कुजताहेत आणि तुम्ही भिंती रंगवताय?"

"आवाज खाली."

"नाही करणार खाली! कवटाळून बसा तुमच्या लाकडांना!"

"रडायचं तर बाहेर जाऊन रड," बाई म्हणाल्या. "इथे लाकूड भिजतंय."

शिंपीण उंबऱ्यावर थुंकली आणि निघून गेली. बाईंनी फडकं आणलं, कुणाला हात लावू न देता उंबरा पुसला आणि ताठ मानेने परत येऊन बसल्या. थोरला मान खाली घालून बसला होता.

चष्मेवाल्याने वखारीतल्याच फोनवरून आपल्या मंत्र्याला गाठलं. बाई शेजारी वाकडे खिळे सरळ करत होत्या.

"साहेब, बाई नव्हे, दगड आहे," तो म्हणाला. "पोटच्या पोरालासुद्धा बधत नाही. थोडक्यात भागायचं नाही."

शेवटच्या बैठकीत तो उभा राहूनच बोलला. "सगळे कैदी सोडतो. एकूण एक. याच्यापुढे माझ्या हातात काही नाही."

"आधी माणसं, मग काठ," थोरला म्हणाला.

"कबूल."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई उठल्या. नव्या चौकटीवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि मग असा गळा काढला, की ओंडके रचणारे गडीसुद्धा काम टाकून आले. "लोक म्हणतील, सासऱ्यांचं घर हिने घालवलं! काय तोंड दाखवू मी त्यांना!" चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला. थोरल्याने आईला धरून आणलं, हातात पेन दिलं. बाईंनी मोडक्यातोडक्या अक्षरात सही केली.

कैद्यांच्या बोटी दुसऱ्या दिवशी सुटल्या. शिंपिणीचा मुलगा पहिल्या बोटीत होता. धाकटा सगळ्यात शेवटच्या बोटीत, कारण बाईंनी तसं बजावलं होतं. माझं पोर आधी गेलं असं कुणी म्हणता कामा नये.

ती बोट पलीकडे लागली, तेव्हा बाईंनी घराची किल्ली चष्मेवाल्याच्या हातावर ठेवली.

"तुम्हाला फार दुःख दिलं आम्ही," तो हात जोडून म्हणाला.

"रंग ओला आहे. कपडे सांभाळा."

मग त्या एक ट्रंक घेऊन नावेत बसल्या. वल्ही थोरल्याने स्वतःच घेतली. नावेत तिसरं कुणी नव्हतं. घर लहान लहान होत गेलं. बाईंनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. नाव मधोमध आल्यावर त्यांनी नदीचं पाणी घेऊन तोंड धुतलं.

"गावातल्या खोलीला कुबट वास येत असेल रे."

"येणारच ना, आई. पहिल्या बैठकीच्या आधी घेऊन ठेवलीस, तेव्हापासून कुलूपच आहे तिला."