डावीकडचं चाक

रविवारी संध्याकाळी अण्णांनी गाडीची किल्ली ताईच्या हातात ठेवली. पण त्या घरात नको ती गोष्ट घडलेलीच नाही असं मानायची पद्धत आहे, तेव्हा आपणही तसंच मानू. रविवारी सकाळी किल्ली अण्णांच्या शर्टाच्या खिशात होती आणि गाडी विटांवर उभी होती.

डावीकडचं पुढचं चाक अंगणात जुन्या चादरीवर आडवं पडलं होतं. अण्णांचा धाकटा मुलगा त्याच्यासमोर मांडी घालून बसला होता. अलॉय व्हीलच्या कडेवर फुटपाथाने काढलेले ओरखडे त्याने आदल्या दिवशीच पॉलिश पेपरने घासले होते, खळगे पुट्टीने भरले होते, प्रायमर मारला होता. आता चंदेरी स्प्रे तेवढा राहिला होता. टायरला रंग लागू नये म्हणून त्याने रिमच्या कडेच्या फटीत गोल रांगेने खेळायचे पत्ते खोचले होते. पत्ते अण्णांचे. अलीकडे ते खेळत नसत. "मजा राहिली नाही," म्हणत.

या वर्षात त्याने हे काम इतक्यांदा केलं होतं की शेजाऱ्यांना तो धंदाच वाटायला लागला होता. एकाने तर न विचारता स्कूटरचं मडगार्ड आणून ठेवलं होतं. चाक मात्र नेहमी डावीकडचंच. अण्णांकडे दर वेळी खुलासा तयार असायचा. एकदा फुटपाथ पुढे सरकला होता. एकदा बँकेसमोरचा खांब कालपर्यंत तिथे नव्हता. धाकटा मान हलवायचा आणि पॉलिश पेपर शोधायला जायचा. कारण ताईने, त्याच्या थोरल्या बहिणीने, सगळ्यांसमोर बजावलं होतं, "चाकावर एक ओरखडा दिसू दे, किल्ली माझ्याकडे." निवृत्त झाल्यापासून अण्णांना हक्काची अशी ती एकच खुर्ची उरली होती, स्टीअरिंगमागची. ती गेली तर ते दिवसभर घरात बसून आईच्या स्वयंपाकावर देखरेख करणार होते. त्यामुळे पॉलिश पेपर हल्ली आईच आणून देई.

आज तपासणी मोठी होती. ताईची पहिलीतली मुलगी उद्यापासून आजोबांच्या गाडीतून शाळेत जाणार होती. संध्याकाळी ताई गाडी बघणार आणि मग होकार देणार, असं ठरलं होतं.

अण्णा चहाचा कप घेऊन बाहेर आले. चाकाजवळ वाकले. डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे कलतं केलं.

"वा! कडेने ही नक्षी झकास काढलीस रे. जरा भडक आहे, पण शोभते."

धाकट्याला वाटलं, थट्टा चाललीय. पण थट्टा करताना अण्णांची मिशी हलते. मिशी हलली नाही. बदामचा राजा अण्णांकडे रोखून बघत होता. अण्णा राजाच्या जरा बाजूला बघून कौतुक करत होते.

"नीट दिसतेय ना?"

"न दिसायला काय झालं? लाल गुलाब आहेत."

"हो," धाकटा म्हणाला. "गुलाबच."

अण्णा खूश होऊन आत गेले. जाताना पायरी त्यांनी आधी पायाने चाचपली, मग चढले. इतके दिवस धाकट्याला ती त्यांची ऐट वाटत होती.

हलवायला घेतलेला स्प्रेचा डबा त्याच्या हातात तसाच राहिला. मागच्या सीटवर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली भाची त्याला आत्तापासूनच दिसायला लागली. "अण्णा, तुम्हाला दिसत नाही," हे वाक्य त्याने चाकाला म्हणून बघितलं. चाकालाही ते झेपलं नाही.

मग त्याने काम पुरं केलं. चंदेरी रंग, वर लॅकर. उन्हात वाळवलं, पत्ते काढले, चाक चढवलं. त्याच्या हातून झालेलं ते सगळ्यात देखणं चाक होतं.

दुपारी घर झोपलं. त्याने खुंटीवरच्या शर्टातून किल्ली घेतली, गाडी फाटकाबाहेर काढली आणि तेच चाक फुटपाथला घासायला गेला. पहिल्यांदा हुकलं. मुद्दाम घासायलाही चांगली नजर लागते. दुसऱ्यांदा असा आवाज आला की सावलीत झोपलेलं कुत्रं उठून पलीकडच्या गल्लीत राहायला गेलं. धाकट्याने गाडी जागेवर लावली आणि किल्ली परत खिशात ठेवली.

संध्याकाळी ताईने घरात यायच्या आधीच गाडीभोवती फेरी मारली.

"अण्णा, हे काय?"

अण्णा वाकले. ओरखडा त्यांना बोटांनीच सापडला.

"हा माझा नाही. शपथ घेऊन सांगतो, ह्या वेळी मी नाही."

"ह्या वेळी?" ताई म्हणाली.

आई उगाचच दोरीवरचे वाळलेले कपडे परत झटकायला लागली. सकाळी हे चाक कसं चकचकीत होतं याचा साक्षीदार अण्णांच्या शेजारीच उभा होता. पण त्याचं नाव घेतलं असतं तर आजवर चाकं कोण रंगवत होतं तेही बाहेर आलं असतं, आणि ताईने त्याला उभा सोलला असता. अण्णांनी नाव घेतलं नाही. खिशात हात घातला, किल्ली काढली आणि दिली.

ताई गेल्यावर ते व्हरांड्यात बसून राहिले. धाकटा जवळ गेला. सगळं सांगून टाकायला त्याने तोंड उघडलंही. पण अण्णांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांची सगळी नोकरी टिपणं आणि अर्ज लिहिण्यात गेली होती. मनाला फार लागलं की त्यांची भाषा आपोआप सरकारी व्हायची.

"सदर ओरखड्याची सखोल चौकशी करण्यात यावी," ते म्हणाले. "दोषी इसमास या घरच्या गाडीला हात लावण्यास कायमची मनाई करण्यात यावी. आणि चौकशी अधिकारी म्हणून माझ्या धाकट्या मुलाची नेमणूक व्हावी, कारण या घरात माझ्या बाजूचा तो एकटाच आहे, ही नम्र विनंती."