कुंडीतलं दुसरं झाड

"माइक धर आणि म्हण, मी वहीत खोटं लिहिलं," शिबिर घेणाऱ्या पायल मॅडम म्हणाल्या. "मग सर्टिफिकेट देते."

झीनतनं माइक धरला नाही. नऊ वर्षांची पोर हात पाठीमागं बांधून उभी राहिली. तिचा बाप बडेसाब सात रस्ता चौकात रिक्षा लावून घाईघाईनं आला होता. मागच्या रांगेत उभ्या उभ्या त्याला कळेना, पोरीनं गुन्हा काय केला.

वनस्पती उद्यानातल्या उन्हाळी शिबिराचा तो शेवटचा दिवस. चाळीस पोरं आणि चाळीस कुंड्या. प्रत्येक कुंडीवर एकेका पोराचं नाव, आत जास्वंदीचं रोप. रोज आपल्या रोपाला पाणी घालायचं, ते नीट बघायचं आणि जे दिसेल ते वहीत काढायचं, असं ते शिबिर. ज्याची वही चांगली त्याचा पहिला नंबर. तो सृष्टीला नुकताच मिळाला होता.

कुंडलिक माळी टेबलाशी उभा होता. वह्या तिथंच मांडल्या होत्या, त्यात झीनतची उघडी पडली होती. साक्षरतेच्या वर्गात साठीला अक्षरं शिकलेला माणूस, बोट फिरवल्याशिवाय त्याला वाचता यायचं नाही. त्यानं बोट ठेवलं.

पहिले तीन दिवस पोरीनं पान न् पान काढलं होतं. खालून दुसरं पान किडीनं कुरतडलेलं, तेसुद्धा. चौथ्या दिवशी चित्र नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, 'आज माझ्या कुंडीत दुसरं झाड आहे. माझं कुठे गेलं?' त्यावर मॅडमच्या लाल पेनाची आडवी रेघ. पाचव्या दिवशी तेच, पुन्हा रेघ. दहाव्या दिवसापर्यंत सात रेघा.

कुंडलिकच्या डोक्यात तिडीक गेली.

ते झाड कुठं गेलं, हे त्याला ठाऊक होतं. उद्यानामागच्या कचऱ्याच्या खड्ड्यात. कुंड्या गेटाजवळच्या फरशीवर मांडल्या तेव्हाच तो म्हणाला होता, "मॅडम, फरशी लई तापती. हिरव्या जाळीखाली ठिवू की."

"जाळीखाली फोटो काळे येतात हो, काका," मॅडम म्हणाल्या होत्या.

तिसऱ्या दिवसानंतर रविवारची सुट्टी आली. सोलापूरच्या मे महिन्यातलं ऊन, खाली फरशी, वर आभाळ, पाण्याचा थेंब नाही. सोमवारी उजाडलं तेव्हा चाळीसच्या चाळीस रोपं भाजून गेली होती. अधीक्षक सोमशेखर साहेब आले, बघून कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "नर्सरीतली दुसरी लाव. पोरं यायच्या आत. आणि कुठं बोलायचं नाही." पायल मॅडम तेव्हा शेजारीच उभ्या होत्या.

त्यानं लावली. त्यात त्याला वावगं काही वाटलं नव्हतं. माळशिरसकडं त्याचा उभा जन्म रानात गेलेला. बी उगवलं नाही तिथं दुसरं टोचून नांगं भरायचं, ही तर शेतकऱ्याची रीतच. पण रानातल्या रोपाला नाव नसतं. इथं प्रत्येक कुंडीवर नाव होतं. ते त्याच्या ध्यानात आत्ता आलं, त्या सात लाल रेघा बघून.

"बोल की गं लवकर," साहेब हसत म्हणाले. "पाहुणे खोळंबलेत."

"मी खोटं नाही लिहिलं." झीनतनं हात पाठीमागंच ठेवले.

"मग बाकीच्या एकोणचाळीस मुलांना कसं नाही दिसलं?" मॅडमनी पालकांकडं बघून विचारलं. दोन-चार जण हसले.

बडेसाब अंग चोरत पुढं आला. "बोल दे ना, बेटा," तो हळूच म्हणाला. "मॅडम मोठ्या हायेत. बोल आन् चल घरी."

झीनतनं बापाकडं पाहिलं. तिचा हात माइककडं निघाला.

कुंडलिकचा करार जूनला संपत होता. पुढची सही साहेबांच्या हातात होती. हे सगळं त्याला आठवलं, आणि तरी पोरीच्या आधी त्याचाच हात माइकवर पडला.

"पोरगी खरं लिवती!" भोंगा कर्कश वाजला. "खोटं मी लावलंय. ह्या हातानं. समदी रोपं मेली हुती, चाळीसच्या चाळीस. ह्या मॅडमच्या देखत सायबांनी सांगितलं, म्या बदलली. आन् आता त्या लेकराला खोटं पाडताय व्हय? तेबी बापाच्या म्होरं? शिकलेली माणसं तुमी, जनाची न्हाय तर मनाची तरी ठिवा!"

साहेब माइक ओढायला धावले. कुंडलिकनं तो सोडला नाही. पोरांकडं वळून तो म्हणाला, "लेकरांनो, तुमास्नी फशिवलं आमी. तुमची झाडं कवाच गेली. ह्या म्हाताऱ्याला माफ करा."

आता पोरं रडतील म्हणून तो वाट बघत राहिला. एकही पोर रडलं नाही. सगळी एकमेकांकडं बघत होती, जशी चोरी उघडी पडल्यावर बघतात.

शेवटी सृष्टी पहिल्या नंबराचा कप काखेत धरून पुढं आली. मोठी माणसं समजूत घालतात तशा आवाजात ती म्हणाली, "आजोबा, आम्हाला सगळ्यांना माहीत होतं की. झीनतला आम्ही तेव्हाच म्हणलं होतं, लिहू नको, नंबर जातो."