दोन हातांचा स्विच

लष्करी ट्रकच्या दिव्यांचा स्विच दोन हातांचा: एकाने खिट्टी दाबायची, दुसऱ्याने दांडी फिरवायची, म्हणजे शत्रूसमोर चुकून दिवे लागत नाहीत. संधिवाताने म्हाताऱ्याची डावी बोटं आखडलेली. गिअर तळव्याने ढकलता येई, खिट्टी दाबता येईना. संध्याकाळी जुन्या गाड्यांच्या फेरीत ट्रक तोच चालवणार होता. "बाबा, साधं बटण लावू का?" मुलगा म्हणाला. "कुबडी मला दे, ट्रकला नको!" म्हातारा खेकसला. डॅशबोर्डखाली उताणी पडून त्याच्या म्हातारीने त्याच जुन्या स्विचच्या तारा जोडल्या. जन्मभर तिने वायरिंगच केलं होतं. "फिरवा आता." खिट्टी पुन्हापुन्हा निसटली आणि म्हाताऱ्याची मान खाली गेली. त्या मानेचा तिला संताप आला. शेजारी चढून तिने खिट्टी दाबली. "दांडी तुमची. फिरवा!" समोरची भिंत उजळली. "म्हणजे फेरीत तूपण बसणार?" म्हाताऱ्याने विचारलं. "मग काय, फुटपाथवर उभी राहून टाळ्या वाजवू?"