मुरघासाचा खड्डा

नलूचं लग्न ठरलं ते साल पंचावन्नचं. दिवाळी नुकतीच झाली होती, मार्गशीर्षातला मुहूर्त धरला होता, आणि नवरीचा भाऊ आनंदा कपाळाला खोक पाडून घरी आला होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी पुकारलेल्या सोमवारच्या संपात तो फाउंटनला गेला. तिथे गोळीबार झाला. वाट फुटेल तिकडे पळत तो दिवेलागणीला परळच्या तबेल्यात पोचला.

"पोलिसांनी तोंड बघितलंय माझं," एवढंच तो आईला, शेवंतीला म्हणाला. "येतील."

मंगळवारी सकाळी रस्त्याच्या टोकाला ओळखीचा रामदास हवालदार दिसला.

आनंदाचा बाप राजाराम शेलार त्या तबेल्याचा मुकादम. दावणीला दोनशे म्हशी. शेठनी त्या वर्षी पहिल्यांदाच मुरघासाचा घाट घातला होता. आवारात खोल सिमेंटचा खड्डा बांधून घेतला. कणसात दूध भरलेला हिरवा मका भांडुपच्या मळ्यातून आणायचा, बारीक तोडायचा, खड्ड्यात टाकून पायांनी तुडवायचा. वर ताडपत्री, तिच्यावर माती. वारा लागला तर सगळं नासतं. नाही लागला तर ऐन उन्हाळ्यात म्हशींना ओला चारा. इथे कुणीच हे आधी केलं नव्हतं. शेठनी सांगितलं तसं राजाराम करत होता.

रविवारी खड्डा अर्धा भरला. सोमवारी संपामुळे लॉरी आलीच नाही. राजारामने अर्ध्या खड्ड्यावरच ताडपत्री ओढली आणि कडेने दगड ठेवले. संध्याकाळी एक कोपरा उचलून तो आत वाकला तर उग्र वास नाकात गेला आणि त्याला घेरी आली. सोमवारचा उपास होता, सकाळपासून पोटात काही नव्हतं. शेवंतीने शेंगदाणे आणि गूळ दिला तेव्हा बरं वाटलं.

हवालदार दिसताच शेवंती म्हणाली, "माळ्यावर नको. आधी तिथंच बघत्यात."

"खड्ड्यात उतर," राजाराम म्हणाला. "मी हाक मारल्याबिगर हलू नकोस."

आनंदा शिडीने खाली उतरला. राजारामने शिडी वर ओढून घेतली, ताडपत्री घट्ट केली, दगड पुन्हा मांडले.

हवालदार फाटकातून आत आला. एकटाच होता. अंगावर खाकी, पण टोपी काखेत. खालून खोकल्याची ढास ऐकू आली. शेवंतीने दुधाच्या दोन पत्र्याच्या बरण्या एकमेकींवर आपटल्या आणि नळाखाली धरून घासायला घेतल्या. पुन्हा खोकला आला. तिने बरणी खाली पाडली.

"भांडी फोडता काय वहिनी?" हवालदार म्हणाला.

"लगीनघर हाय भावजी. हात पुरत न्हाईत."

बरणी घरंगळायची थांबली. आता खालून काही आवाज नव्हता. राजारामला हायसं वाटलं. पोरगं बापाचं ऐकतं म्हणजे काय ते आज त्याला पहिल्यांदा दिसत होतं.

हवालदार खड्ड्यालगतच्या खाटेवर टेकला. दूध दिलं ते त्याने नुसतंच हातात धरलं.

"आनंदा दिसत न्हाई?"

"गावाला गेलाय. पत्रिका वाटायला."

"कधी गेला?"

"शनवारी."

"शनवारी," हवालदार म्हणाला. त्याने पेल्यातली साय बोटाने बाजूला केली. "मंग काल हितं नव्हताच."

"न्हाई ना."

हवालदार जायचं नावच घेईना. मग काठीने त्याने ताडपत्रीवर टकटक केलं. "ह्यात काय दडवलंय?"

शेवंतीचे हात थांबले.

"मुरघास," राजाराम म्हणाला. "म्हशींचं लोणचं म्हणा की."

"म्हशींना लोणचं! आमच्या नायगावच्या चाळीत माणसांना मिळंना." तो थोडा हसला. "बघू तरी कसं असतंय." आणि त्याने काठीचं टोक ताडपत्रीच्या कडेखाली घातलं.

"उघडू नका हवालदार! वारा लागला तर सगळं नासंल. शेठ मला उभा जाळतील."

"असं व्हय." हवालदाराने काठी काढून घेतली. सरकलेला दगड स्वतःच्या हाताने परत जागेवर लावला. "ऱ्हाऊ दे मंग झाकून."

तो पुन्हा बसला. वऱ्हाड कुठून येणार, मंडप कुठे घालणार, असलं काहीबाही विचारत राहिला. दुधावर दुसरी साय धरली. राजाराम प्रत्येक प्रश्नाला हसून उत्तर देत होता आणि मनात म्हणत होता, धीर धर पोरा, अजून थोडा धीर धर.

शेवटी हवालदार उठला. फाटकापर्यंत गेला आणि तिथून परत फिरला. राजारामच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला.

"राजाराम, गळ्याची आण घालतो, कुणाला बोलू नको. माझा जयवंत कालपासनं घरी न्हाई. पोलिसाचा पोरगा मोर्च्यात गेला म्हणून मला चौकीत तोंड उघडता येत न्हाई. तुझ्या आनंदासंगं होता असं पोरं सांगत्यात. आनंदाला कुणी शोधत न्हाई रे. मला फक्त इचारायचं होतं, माझ्या पोराला त्यानं शेवटचं कुठं बघितलं."

राजारामच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्याला हसूच फुटलं.

"अहो, आल्या आल्या बोलायचं का न्हाई!" तो पायानेच दगड लोटायला लागला. शेवंतीने धावत येऊन ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं. "आनंदा! ए आनंदा, वर ये रे बाबा. काका आपलंच माणूस हायेत. ये वर, भ्यायचं काही कारण न्हाई."

जयवंत त्याच दिवशी संध्याकाळी पायाला पट्टी बांधून नायगावला आपल्या घरी आला. आनंदा राजाराम शेलार, वय वर्षं बावीस, मुरघासाच्या खड्ड्यात कोंडलेल्या विषारी वायूने मेला, मंगळवार, बावीस नोव्हेंबर एकोणीसशे पंचावन्न रोजी.